साडेसहाशे लिटरांत कोणते मासे

४ फेब्रुवारी

भिंगरी,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राची घंटी वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही. फाडता येईल, पण तू फाडणार नाहीस. लहानपणी चॉकलेटचे कागदसुद्धा सरळ करून वहीत ठेवायचीस तू.

काम असं आहे की मी घरात माशांची टाकी बांधली आहे. हसू नकोस. कोपऱ्यावरचं कपड्यांचं मोठं दुकान बंद झालं. त्याची दर्शनी काच बावीस वर्षांपूर्वी मीच बसवली होती, बारा एमएमची, अख्खी. मालक म्हणाला, "काका, हवी तर काढून न्या, नाहीतर नवीन भाडेकरू फोडून टाकेल." माझ्या हातची काच आणि कुणी फोडणार? मी जिवंत असताना? चार माणसं लावून उतरवली आणि टेम्पोत गाद्या घालून घरी आणली. गुडघे गेले, शिडी सुटली, दुकान विकलं, पण काच कापायचा हिरा अजून हातात बसतो. रेघ मारली की काच मुकाट्याने तुटते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. कडा घासल्या, वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली, आणि चाळीस वर्षं वापरलेल्या माझ्या त्याच सिलिकॉनने सांधे मारले. पाणी भरून आठ दिवस ठेवलं. एक थेंब बाहेर नाही. चौकटीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरली होती, ती कोरडी ठणठणीत.

आता घोडं अडलंय माशांवर. मला काचेतलं कळतं, माशातलं काय कळतं? ताटातला आणि टाकीतला एवढाच फरक. तुला लहानपणी सगळी नावं पाठ होती. वाचनालयातलं ते जाडं पुस्तक तू चार वेळा आणलं होतंस, आणि जेवताना आम्हाला ऐकवायचीस, कोण कुणाला खातं आणि कोण कुणाबरोबर नांदतं. म्हणून तुला विचारतो. कोणते आणू?

तुझी आई गेली त्या दुपारी मी तुला जे एक वाक्य बोललो, ते तू विसरलेली नाहीस हे मला माहीत आहे. चौदा महिने झाले. मीही विसरलो नाही. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय मासे.

उत्तर दे. कार्ड टाकलंस तरी चालेल.

बाबा

१९ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. "किती लिटर? कुठे ठेवली?" बस्स. वर 'बाबा' नाही, खाली सही नाही. पण अक्षर तुझं. दारातच डोळे भरून आले. पोस्टमन घाबरला, म्हणाला, "काही वाईट बातमी का हो?" मी म्हटलं, नाही, गणित आलंय सोडवायला.

तर गणित सोडवलं. काठोकाठ भरली तर सहाशे ऐंशी. वरून एक इंच सोडायचा, म्हणजे साडेसहाशे लिटर धर. ठेवली आहे पुढच्या खोलीत. खिडकीखाली जागा होती.

काल मासे बघून आलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं दुकान आहे, अरुंद बोळासारखं, दोन्ही बाजूंना वरपर्यंत टाक्या, आणि आत शिरलं की चष्म्यावर वाफ. मी तिला मासेबाई म्हणतो. पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला. माशांशी लाडात बोलते आणि गिऱ्हाइकांना फाडून खाते.

मी गेल्या गेल्या एक मासा पसंत केला. नारिंगी-काळा, बशीएवढा. मी डावीकडे सरकलो की तो डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. थेट डोळ्यांत बघतो गं. नाव ऑस्कर. म्हटलं, हा एक द्या आणि त्याच्या सोबतीला वीस-पंचवीस बारके रंगीत द्या.

"सोबतीला?" ती म्हणाली. "काका, त्याला सोबत नाही, नाश्ता होईल तो."

बरं, म्हटलं, ते पट्ट्यापट्ट्यांचे द्या, चपळ आहेत. तर म्हणे ते टायगर बार्ब, दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. मग गोल्डफिश द्या. म्हणे, घाण फार करतो आणि त्याला गार पाणी लागतं, बाकीच्यांना ऊबदार. बरं, ते उभे, पंखवाले? एंजल. म्हणे, लहानपणी गोजिरवाणे, मोठे झाले की बारक्यांना गिळतात. मी वैतागलो. म्हटलं, बाई, तुमच्या दुकानात सरळ स्वभावाचं कुणी आहे की नाही?

"काका, तुम्ही मासा घ्यायला आलात की सून बघायला?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, म्हणून जबडा दुखला.

जाताना ती म्हणाली, टाकी मोठी आहे म्हणून मासे कोंबू नका. मोठ्या टाकीत चूक उशिरा कळते, एवढंच. मी म्हटलं, माझी मुलगी सांगेल त्याप्रमाणे घेणार. तिला यातलं सगळं कळतं. हे सांगताना मी जरा जास्तच ऐटीत बोललो असेन, कारण ती म्हणाली, मग मुलीलाच घेऊन या ना.

मी चष्म्यावरची वाफ पुसत बाहेर पडलो.

यादी पाठव. घाई नाही. म्हणजे आहे, पण तुला नाही.

बाबा

११ मार्च

भिंगरी,

अर्धं पान! अर्धं पान लिहिलंस तू. तुझी यादी मी फ्रिजवर लावली आहे. "आधी दहा झेब्रा, काटक असतात. ते नीट राहिले तर महिन्याने पंधरा टेट्रा. एकाच जातीचे घ्या, पाच प्रकारचे तीन-तीन नकोत, त्यांना थवा लागतो. तळाला सहा कोरी. शेवटी गुरामीची एक जोडी. एंजल नकोत. ऑस्कर आणलात तर मी पुन्हा लिहिणार नाही."

मासेबाईला यादी दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, "मुलगी शहाणी आहे. कुणावर गेली?" मी म्हटलं, आईवर. हे खरं आहे, आणि ते मी तुझ्या आईसमोर कधी कबूल केलं नाही.

एंजल का नकोत ते मात्र कळलं नाही. तुझ्याकडे होते ना दोन? तुला फार आवडायचे. असो. तू म्हणतेस तर नाही.

आज सकाळी दहा झेब्रा आणले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या रेघा, जणू कुणी पट्टी लावून मारल्यात. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत, मग तोंड उघडलं. एक भित्रट होता, बाकीचे नऊ निघून गेले तरी हा पिशवीच्या कोपऱ्यात. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, बाहेर सहा फुटांचं मैदान आहे आणि तू कसला कोपरा धरून बसलास? शेवटी गेला.

मग दिवसभर मी खुर्ची टाकून बसलो. त्यांचं सारखं काहीतरी चाललेलं असतं. एक पुढे गेला की सगळे त्याच्या मागे, आणि मध्येच तो पुढचाच सगळ्यांच्या मागे. चहा दोनदा गार झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या खोलीत बसवलं मला. नाहीतर मी स्वयंपाकघरातच स्टूल घेऊन बसतो. तिथे आवाज असतो, फ्रिजचा तरी.

एक दिवस बघून जा. जाता जाता. तुझ्या प्रयोगशाळेला सुट्टी असेलच की कधीतरी. रक्ताच्या बाटल्या पळून जात नाहीत.

बाबा

१६ मार्च

भिंगरी,

मासे गेले. दहाही. दुसऱ्या दिवशीच दोन वर येऊन तोंडं वासायला लागले, तिसऱ्या दिवशी सहा आडवे, काल सकाळी उरलेले दोन.

पाणी खराब होतं. नळाच्या पाण्यात हल्ली औषध फार मारतात, सगळे म्हणतात. शिवाय मासेही मुळात आजारी असणार. मी दुकानात जाऊन मासेबाईला चार शब्द ऐकवले. तिनेही मला आठ ऐकवले. म्हणाली, त्याच टाकीतले झेब्रा अजून इथे मजेत आहेत, बघा डोळ्यांनी. मग मला तिने एक भलताच प्रश्न विचारला. तो सोड.

टाकी रिकामी केली आहे. माझं वय नाही हे खेळ करण्याचं. हौस फिटली.

तू सांगितलेले मासे बरोबर होते. तू सांगितलं तसंच मी केलं होतं. तुझी काही चूक नाही. हे लिहायची गरज नाही, पण लिहितो, तुझी काहीही चूक नाही.

बाबा

२ एप्रिल

भिंगरी,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाण्यात काही नव्हतं.

मासेबाईचा प्रश्न असा होता: "काका, काचा कशाने चिकटवल्या?"

मी ऐटीत म्हटलं, सिलिकॉनने, आणि कसल्या, उत्तम प्रतीच्या. चाळीस वर्षं हेच वापरतोय, एक न्हाणीघर गळलं नाही माझं. ती म्हणाली, न्हाणीघराचं? नळी आणून दाखवा. मी तावातावाने घरी आलो, नळी घेतली, आणि जाता जाता रस्त्यात चष्मा लावून वाचली. चाळीस वर्षांत मी तिच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं. हातालाच माहीत होतं, डोळ्यांना कशाला त्रास. मागे बारीक अक्षरात लिहिलं आहे, बुरशी मारणारं औषध आहे. न्हाणीघरात सांधे काळे पडू नयेत म्हणून घालतात. आणि त्याखाली: माशांच्या टाकीसाठी वापरू नये.

मी दुकानात गेलो नाही. तिथेच एका बंद शटरच्या पायरीवर बसलो.

कारण मला तुझी टाकी आठवली. तू अकरा वर्षांची होतीस. दोन फुटांची, खिडकीत ठेवलेली. अकरा गप्पी आणि दोन एंजल. एका कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं, आणि तू रडवेली होऊन माझी वाट बघत बसली होतीस. मी कामावरून आलो, तुझे मासे बादलीत काढले, पिशवीतून नळी काढली आणि अर्ध्या तासात कोपरा बंद केला. दुसऱ्या दिवशी मासे परत सोडले. तू मला मिठी मारलीस. "बाबा, तुम्हाला सगळं येतं," म्हणालीस. आणि चार दिवसांत सगळे मेले.

तू विचारलंस, कशाने मेले? मी थकून आलो होतो. मला कारण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. मी म्हटलं, "खायला जास्त घातलंस. तुझ्या हाताला जीवच लागत नाही."

तू ती टाकी धुऊन पुसून माळ्यावर ठेवलीस. त्यानंतर तू घरात कुंडीसुद्धा ठेवली नाहीस. मांजराचं पिल्लू आणलं तर म्हणालीस, आईकडे द्या, मला नको. आम्हाला वाटायचं, पोरगी जरा कोरडीच आहे.

तू मारले नाहीत ते मासे. मी मारले. पंचवीस वर्षं उलटली, आता कळलं. आणि तेच वाक्य मी त्या दुपारी परत बोललो. ते मुळापासूनच खोटं होतं.

मला माफ कर. हे शब्द मी लिहून तीनदा खोडले, शाईचा डाग दिसेल. शेवटी म्हटलं, खोडायचं कशाला, सुंभ जळला तरी पीळ राहतो हे तुला माहीतच आहे.

बाबा

१२ एप्रिल

बाबा,

माशांचं मला माहीत होतं.

दहा वर्षांपूर्वी माझ्याबरोबर काम करणारीने घरी टाकी केली. तिच्या हातातली सिलिकॉनची नळी मी सहज वाचली, ती वेगळी होती, "माशांसाठी सुरक्षित" लिहिलेली. मी विचारलं, असुरक्षितही असते का? तिने सांगितलं. मी घरी येऊन आईला सांगितलं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खूप हसलो, मग आई म्हणाली, त्यांना नको सांगूस, त्या कामात जीव आहे त्यांचा, उगाच खात बसतील स्वतःला. म्हणून नाही सांगितलं. कुंडी मी ठेवत नाही कारण माझ्या घरात ऊन येत नाही. प्रत्येक गोष्ट तुमच्यामुळे होत नाही, बाबा.

तुम्ही माफी मागितलीत, बरं वाटलं. पण मी घरी यायचं थांबवलं ते माशांमुळे नाही.

आईला पाणी मी पाजलं. दुपारी अडीचला तिने मागितलं. मी उशी उंच केली आणि चमच्याने दिलं. दोन चमचे. मग तिसरा. तिला ठसका लागला, मग ती शांत झाली, मला वाटलं झोपली. तुम्ही आलात तेव्हा चमचा माझ्या हातातच होता. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि ते वाक्य बोललात.

माशांचं खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण म्हणून हेही खोटंच असेल असं कसं म्हणू? मी प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या आठवड्यात तुम्ही सांगत होतात, सुधारणा आहे, आणि मी पाणी दिल्यावर ती गेली.

मला एकच विचारायचं आहे. मी पाणी द्यायला नको होतं का? डॉक्टर नेहमी तुमच्याशीच बोलायचे. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा. त्याशिवाय दुसरं काही लिहू नका. मासेही नकोत.

२१ एप्रिल

भिंगरी,

नऊ दिवस लागले. रोज बसलो आणि रोज उठलो.

द्यायला हवं होतं. तू दिलंस ते बरोबर होतं. आधी हे वाच, मग बाकीचं.

तुझी आई गेली त्या आठवड्यात, सोमवारी डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या जिन्यापाशी थांबवलं. म्हणाले, "आता काही उरलेलं नाही. दोन दिवस, फार तर चार. घरीच ठेवा. काही पथ्य नाही, काही मनाई नाही. मागतील ते द्या. पाणी मागितलं तर पाणी द्या, ठसका लागेल, पण द्या. तहानलेलं ठेवू नका." हे त्यांचे शब्द. मला एकेक पाठ आहे, कारण तेव्हापासून मी दुसरं काही ऐकलेलंच नाही.

मी मान डोलावली. जिना उतरलो. घरी आलो, तू दार उघडलंस आणि विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, सुधारणा आहे.

का म्हटलं ते मला अजून धड सांगता येत नाही. तुझ्या तोंडावर इतकी आशा होती. मला वाटलं, सांगितलं की खरं होईल. तोंडातून काढलंच नाही तर कदाचित टळेल. म्हाताऱ्या माणसाने असा पोरकटपणा करावा! आणि तू तिच्याजवळ बसून पुढच्या महिन्याच्या गोष्टी करत होतीस, ती ऐकून हसत होती. ते बंद करायची माझी छाती झाली नाही.

गुरुवारी सकाळी तिचा श्वास बदलला. तू म्हणालीस, बाबा, आज जरा वेगळं वाटतंय. मला कळलं होतं. आणि मी म्हटलं, मला एका खिडकीचं काम आहे, तासाभरात येतो. भिंगरी, त्या खिडकीला काही घाई नव्हती. दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीची, नुसता तडा गेलेली काच. मी तिथे गेलो आणि ती एक काच तीन वेळा कापली. तिन्ही वेळा वाकडी गेली. तिथल्या मदतनीस बाईंनी चहा दिला, मी तोही घेतला. मी पळालो होतो. बेचाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, तिच्या शेवटच्या दुपारी मी परक्या ठिकाणी बसून चहा पीत होतो, आणि तुला एकटीला तिथे ठेवलं, तेही आंधळं करून.

परत आलो, तुझ्या हातात चमचा होता. जिथे मी असायला हवं होतं तिथे तू होतीस, जे मी करायला हवं होतं ते तू केलं होतंस. मला ते बघवलं नाही. जे मी स्वतःला म्हणायला हवं होतं, ते तुला म्हणालो. तोंडाशी तयार होतं, जुनं, पंचवीस वर्षांपूर्वी वापरलेलं. निघालं.

नंतर तू बॅग भरलीस तेव्हाही मला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी दाराआड उभा राहिलो. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर ती कधीच येणार नाही. न सांगताही तू येत नव्हतीसच, पण माणूस असाच विचार करतो. माशांच्या पत्रातही मी हेच केलं. लहान पाप मोठ्याने सांगितलं, म्हणजे मोठं विचारलं जाणार नाही.

टाकी कुठे ठेवली ते तू विचारलं होतंस. तिचा पलंग होता तिथे ठेवली आहे. सहा फूट का, तर पलंग सहा फुटांचा होता. ती रिकामी जागा मला बघवत नव्हती.

एवढंच. मासे लिहू नका म्हणालीस, लिहीत नाही. ये असंही म्हणत नाही, तो हक्क माझा नाही. पण ती दुपार तू उगाच वाहू नकोस. तिच्यात तुझं काहीही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं.

बाबा

२८ एप्रिल

बाबा,

पत्र परवा आलं. वाचलं, भांडी घासली, परत वाचलं.

मी चिडलेली आहे. ते चार दिवस माझे होते. मला माहीत असतं तर मी रजा वाढवून घेतली असती, तिच्याशी दुसरं काही बोलले असते, तिला काही विचारलं असतं. तुम्ही ते चार दिवस घेतलेत आणि ते आता परत मिळायचे नाहीत. हे मी तुम्हाला समोर बसून सांगणार आहे, आणि मी बोलत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही, उठून स्वयंपाकघरात जायचं नाही, काही दुरुस्त करायला घ्यायचं नाही.

शनिवारी सकाळी येते. सोमवारी परत जाईन. टाकीचं सगळं सिलिकॉन पात्याने खरवडून काढावं लागेल, एक कणही राहता कामा नये, त्यामुळे पाती आणून ठेवा. नळी मी आणते, तुमच्यावर माझा विश्वास नाही. ती वाळायला आठवडा जाईल, मग पाणी, मग मासे. तेव्हा मला पुन्हा यावं लागेल. बघू.

आणखी एक. तो तिसरा चमचा तिने स्वतः मागितला होता. दोन दिल्यावर मी थांबले, तर तिने बोट हलवलं, अजून. मी दिला. ठसका लागला, मी तिला धरून बसवलं, मग तो थांबला. माझी बाही ओढून तिने ओठ पुसले आणि म्हणाली, "गार आहे गं. बरं वाटलं."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सोळा महिने मी ते आठवायचंच नाही असं ठरवलं होतं, कारण दर वेळी त्याच्या पुढे तुमचं वाक्य यायचं. परवा तुमचं पत्र वाचून झाल्यावर ते पहिल्यांदा नुसतं आठवलं, पुढे काही आलं नाही.

तिला तहान लागली होती, बाबा. मी तिथे होते, आणि मी तिला पाणी दिलं.